चालतें म्हणून बरोबर?

संगणकाच्या वर्गांत विद्यार्थ्यांच्या तोंडून सर्वांत अधिक वेळां ऐकूं येणारें वाक्य कोणतें, असें कोणी आम्हांस विचारलें, तर ‘सर, चालला!’ हें होय. पडद्यावर अपेक्षित आंकडे उमटले कीं मुलाचा चेहरा फुलतो, वही पुढें येते, आणि शिक्षकानें लाल शाईनें खूण करावी अशी अपेक्षा असते. त्या आनंदावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु ‘चालला’ आणि ‘बरोबर आहे’ हीं दोन विधानें एक नव्हेत, आणि ज्या भाषेंत हा भेद फार महाग पडतो त्या सी भाषेविषयीं आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावे, असें आम्हांस फार दिवस वाटत आहे.

सी भाषा डेनिस रिची ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें न्यू जर्सींतील बेल लॅबोरेटरीज ह्या संस्थेंत १९७२ च्या सुमारास घडविली. भाषा लहान, मोजक्या शब्दांची, आणि यंत्राच्या अगदीं जवळची. ज्या अँड्रॉइड फोनावर पालक मंडळी निकाल पाहतात, तो फोन लिनक्स नांवाच्या ज्या पायावर उभा आहे, तो पाया मुख्यतः सी भाषेंतच रचलेला असून त्याच्या ओळी कोट्यवधि भरतात. तेव्हां ही भाषा जुनी झाली, तिच्याशीं आमचें काय काम, असें म्हणण्याची सोय नाहीं.

तिच्या सामर्थ्याचें व तिच्या धोक्याचें मूळ एकच आहे. ती लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. हजेरीपटाचें उदाहरण घ्या. प्रत्येक नांवासाठीं दहा अक्षरांची चौकट आंखली आहे, आणि कारकुनानें वीस अक्षरांचें नांव लिहिलें, तर उरलेलीं दहा अक्षरें शेजारच्या चौकटींत पडून तेथील मजकूर नाहींसा होईल. दुसऱ्या कित्येक भाषा अशा वेळीं कारकुनाचा हात धरतात. सी भाषा धरीत नाहीं. शेजारच्या चौकटींत कांहीं महत्त्वाचें नसलें, तर सर्व कारभार बिनबोभाट चालतो, आणि ‘सर, चालला!’ हें वाक्य उच्चारलें जातें. परंतु शेजारीं ‘हें काम आटोपल्यावर यंत्रानें कोठें परतावें’ हा पत्ता लिहून ठेवलेला असला, आणि बाहेरच्या कोणीं मुद्दाम मापून लांब नांव पाठविलें, तर यंत्र त्या परक्याच्या पत्त्यावर जातें व त्याच्या आज्ञा पाळूं लागतें. दार फोडण्याची त्यास गरजच पडत नाहीं.

हें संकट कल्पनेंतलें नव्हे. १९८८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २ तारखेस रॉबर्ट टॅपन मॉरिस ह्या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यानें एक आपोआप पसरणारी आज्ञावली इंटरनेटवर सोडली. तिच्या शिरकावाच्या वाटा अनेक होत्या. त्यांतली एक आपल्या विषयाची आहे. अमुक मनुष्य सध्यां यंत्रावर काम करीत आहे काय, एवढेंच सांगणारी ‘फिंगर’ नांवाची एक निरुपद्रवी सेवा त्या काळीं पुष्कळ यंत्रांवर असे. आलेला प्रश्न लिहून घेण्यासाठीं तिनें ५१२ बाइटांची जागा राखली होती, आणि वाचण्याचें काम ‘गेट्स’ नांवाच्या फंक्शनावर सोंपविलें होतें. ह्या ‘गेट्स’ला जागा किती आहे हें सांगण्याची मुळीं सोयच नाहीं, ओळ संपेपर्यंत येईल तेवढें तें लिहीत जातें. मॉरिसच्या आज्ञावलीनें ५३६ बाइट पाठविले. वरच्या २४ बाइटांनीं काम झालें. त्या काळच्या इंटरनेटवरील सुमारें ६०,००० यंत्रांपैकीं ६,००० यंत्रांस तरी बाधा झाली असावी, असा तेव्हांचा अंदाज होता. मॉरिसला न्यायालयानें १९९० सालीं शिक्षा दिली. ‘गेट्स’ला शिक्षा होण्यास मात्र २०११ साल उजाडावें लागलें; त्या वर्षीं भाषेच्या प्रमाणग्रंथांतून त्याचें नांव काढून टाकण्यांत आलें. आमच्याकडील कित्येक वर्गांत त्यानंतरही तें शिकविलें गेलें, कारण तेथें गेल्या शतकांतला टर्बो सी हाच कंपाइलर वापरांत होता. त्याविषयीं अधिक बोलत नाहीं.

असा दोष शोधावा कसा? चालवून पाहणें हा एक मार्ग खरा. पण चालवून पाहणारा मनुष्य आपणांस सुचतील तींच नांवें देऊन पाहतो. ‘राम’, ‘सीता’, फार तर ‘विश्वनाथ’. ५३६ अक्षरांचें नांव देऊन पाहावें, हें ज्यास सुचतें तो बहुधा आपल्या वर्गांत बसलेला नसतो. दुसरा मार्ग वाचण्याचा. आज्ञावली न चालवितां, तिचा मजकूरच एका दुसऱ्या आज्ञावलीकडून बारकाईनें वाचवून घ्यावयाचा. ह्यास ‘स्टॅटिक ॲनालिसिस’ असें नांव आहे. आपण त्यास ‘स्थिर परीक्षण’ म्हणूं. ह्या प्रकारचा पहिला प्रसिद्ध परीक्षक बेल लॅबोरेटरीजमध्येंच जन्मला. स्टीफन जॉन्सन ह्यांनीं १९७८ च्या सुमारास तो लिहिला व त्याचें नांव ‘लिंट’ ठेविलें. कपड्यावर चिकटून राहणारे सुताचे बारीक तंतु म्हणजे लिंट. कापड तर धड आहे, पण हे वेंचून काढिले पाहिजेत, असा त्या नांवाचा भाव. लिंटचें लक्ष मुख्यतः पदार्थांच्या प्रकारांचा मेळ बसतो काय, आंखलेली जागा वापरली आहे काय, अशा गोष्टींकडे असे.

त्याचे आजचे वारस पुष्कळ खोल जातात. आज्ञावलींत जेथें जेथें ‘जर’ येतो, तेथें वाट फुटते. चालविणारा एका वेळीं एकाच वाटेनें जातो. वाचणारा परीक्षक दोन्ही वाटांनीं जातो, आणि प्रत्येक वाटेवर कोणत्या चौकटींत काय काय असूं शकेल ह्याची टांचणी ठेवतो. मागून घेतलेली जागा परत केल्यावर पुन्हां तिच्यांत लिहिलें काय? एकच जागा दोनदां परत केली काय? पत्ता रिकामा असण्याचा संभव असतां, न पाहतांच त्या पत्त्यावर गेलें काय? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, बाहेरून आलेला आंकडा जकातनाक्यावर न थांबतां थेट आंत आला काय? परक्याकडून आलेल्या प्रत्येक किंमतीवर परीक्षक जणूं एक डाग पाडतो, आणि ती कोठें मोजली, कोठें तपासली, हें पाहत जातो. डाग तसाच राहून तीच किंमत एखाद्या जागेची लांबी म्हणून वापरली गेली, कीं तो इशारा देतो.

आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत हमखास भेटणारें एक उदाहरण सांगतों. ४० मुलांचे गुण ठेवावयाचे, म्हणून ४० चौकटींची रांग आंखली. सी भाषेंत मोजणी शून्यापासून होते. म्हणून शेवटच्या चौकटीचा क्रमांक ३९. मुलगा लिहितो कीं, शून्यापासून आरंभ करून क्रमांक ४० पेक्षां लहान ‘किंवा तितकाच’ असेपर्यंत लिहीत जा. ‘किंवा तितकाच’ ह्या दोन शब्दांनीं, जी आपली नाहींच अशा एकेचाळिसाव्या चौकटीवर हात पडला. उत्तर मात्र बहुतेक वेळां बरोबर येतें! ‘सीपीपीचेक’ नांवाचा परीक्षक फुकट मिळतो. ही वही त्याच्यापुढें ठेवली, तर क्षणार्धांत तो त्या ओळीवर बोट ठेवून सांगतो कीं, रांग ४० ची आहे आणि तुम्ही ४० व्या क्रमांकाकडे हात घातला आहे. ह्यांत मुलाचा अपमान कांहींच नाहीं. शुद्धलेखनाच्या वहींत ऱ्हस्वदीर्घाची खूण झाली, तर कोणी रडत बसत नाहीं.

आणि असें केवळ मुलेंच लिहितात, हा समज नको. अॅपल कंपनीनें २०१४ च्या फेब्रुवारीच्या २१ तारखेस आपल्या फोनांसाठीं तांतडीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. समोरचें यंत्र खरोखरच आपल्या बँकेचें आहे काय, हें त्याच्या सहीवरून पडताळून पाहणाऱ्या भागांत ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदां लिहिली गेली होती. पहिली ओळ ‘जर’च्या अधीन होती, दुसरी कोणाच्याच अधीन नव्हती. त्यामुळें यंत्र प्रत्येक वेळीं तेथूनच उडी मारून शेवटास जाई, पुढील पडताळणी कधींच होत नसे, आणि वर ‘सर्व ठीक’ असें उत्तर मिळे. ओळी डावीकडून सारख्याच अंतरावर लिहिलेल्या असल्यानें मनुष्याची नजर सहज फसते. परीक्षकाची नजर मोकळ्या जागेकडे नसते. ह्या ओळीपुढील मजकुरापर्यंत पोंचणारी वाटच नाहीं, हें त्यास तत्काळ दिसतें. क्लँग नांवाच्या कंपाइलरांत असा इशारा त्या वेळींही होता. परंतु मुद्दाम मागितल्याविना तो दिला जात नसे. अनेक इशारे असे न मागितल्यामुळें कपाटांतच पडून राहतात.

येथवर वाचून एखादा उत्साही विद्यार्थी म्हणेल, मग प्रत्येक आज्ञावली परीक्षकापुढें ठेवावी, त्याचें तोंड बंद झालें कीं आपण निर्धास्त व्हावें. आमचें खरें म्हणणें येथूनच सुरू होतें. परीक्षकाचें मौन म्हणजे निर्दोषतेचा दाखला नव्हे.

ह्याचें कारण परीक्षक आळशी आहे असें नाहीं. ॲलन ट्युरिंग ह्यांनीं १९३६ सालींच सिद्ध केलें कीं, कोणतीही आज्ञावली दिली असतां ती कधीं तरी थांबेल किंवा नाहीं हें नेहमीं अचूक सांगणारी कोणतीही एक रीत असूं शकत नाहीं. हेन्री राइस ह्यांनीं १९५३ मध्यें हा निर्णय आज्ञावलींच्या वागणुकीविषयींच्या साऱ्याच महत्त्वाच्या प्रश्नांस लागू करून दाखविला. तेव्हां प्रत्येक परीक्षकास कांहीं तरी सोडावें लागतें. एक तर तो कांहीं दोष निसटूं देईल, नाहीं तर निर्दोष ओळींवरही बोट ठेवील. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डॉसन एंगलर व त्यांचे विद्यार्थी ह्यांनीं काढलेल्या ‘कव्हेरिटी’ ह्या परीक्षकाच्या कर्त्यांनीं २०१० सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला आहे. शंभरांत तीसहून अधिक इशारे खोटे निघूं लागले, म्हणजे लोक खऱ्या इशाऱ्यांकडेही पाहीनासे होतात, असें ते सांगतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट मुलांनीं दुसऱ्या इयत्तेंतच वाचलेली आहे. म्हणून अशा परीक्षकांनीं कांहीं दोष निसटले तरी चालतील, पण उगीच ओरड नको, हें धोरण पत्करलें.

ह्या धोरणाची किंमत २०१४ च्या एप्रिल महिन्याच्या ७ तारखेस जगास कळली. इंटरनेटवरील गुप्त संभाषण सांभाळणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ नांवाच्या सी भाषेंतील ग्रंथांत दोन यंत्रांनीं एकमेकांस ‘जागा आहेस ना?’ असें विचारण्याची एक सोय होती. एकानें एक शब्द पाठवावा, त्याची लांबी सांगावी, आणि दुसऱ्यानें तोच शब्द परत म्हणून दाखवावा. सांगितलेली लांबी आणि आलेला शब्द ह्यांचा मेळ घालून पाहण्याचें तेवढें राहून गेलें. शब्द एका अक्षराचा पाठवून ‘हा चौसष्ट हजार अक्षरांचा आहे’ असें सांगितलें, तर दुसरें यंत्र तो शब्द आणि त्याच्या शेजारीं स्मृतींत जें कांहीं पडलें असेल तें, कोणाचे संकेतशब्द, कोणाच्या गुप्त किल्ल्या, सारें भाबडेपणानें वाचून दाखवी. ह्या दोषास ‘हार्टब्लीड’ हें नांव पडलें. कॅनडाच्या कर खात्यांतून ह्याच वाटेनें सुमारें ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेले. हा दोष मार्च २०१२ पासून लोकांच्या यंत्रांवर होता, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ. त्या अवधींत कव्हेरिटीनें त्यावर बोट ठेविलें नव्हतें. गूगलमधील नील मेहता व कोडेनॉमिकॉन ह्या फिनलंडमधील संस्थेचे लोक ह्यांनीं तो परस्परांस ठाऊक नसतां शोधून काढला.

पुढें जें घडलें तें आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें. कव्हेरिटीच्या कर्त्यांनीं परीक्षकास एक नवी खूण शिकविली. तारेवरून येणाऱ्या आंकड्यांचे बाइट यंत्राच्या सोयीसाठीं उलटसुलट करून घ्यावे लागतात. तर ज्या आंकड्यावर अशी उलटापालट झाली आहे, तो परक्याकडून आला असें धरून चाल. एवढें सांगतांच त्याला तो दोष दिसला. अर्थात् आंकडा परका आहे हें ओळखण्याची खूण मनुष्यानें शोधावी लागली. ती मिळाल्यावर हजारों पानें न कंटाळतां वाचण्याचें काम यंत्रानें केलें. आम्हांस ही वांटणी योग्य वाटते. यंत्र कंटाळत नाहीं, हा त्याचा गुण लहान नव्हे. साठ वह्या तपासून उठलेल्या शिक्षकास तो चांगला समजतो.

मौनावर विसंबणें जसें चूक, तसेंच इशाऱ्याचें आंधळें पालनही चूक. ह्याचें उदाहरण त्याच ओपनएसएसएलच्या इतिहासांत आहे. २००६ सालीं डेबियन ह्या संस्थेच्या एका स्वयंसेवकास ‘वॅलग्राइंड’ नांवाचा परीक्षक इशारे देत होता कीं, कांहीं ओळी किंमत न भरलेल्या जागेचा उपयोग करीत आहेत. (वॅलग्राइंड वाचून नव्हे, चालवून पाहणारा परीक्षक आहे, परंतु येथील मुद्दा दोघांसही सारखाच लागू पडतो.) त्यानें दोन ओळी काढल्या. इशारे थांबले. त्यांपैकीं एक ओळ गेल्यानें फारसें बिघडलें नसतें. पण दुसरी ओळ गुप्त किल्ल्या घडवितांना लागणारी यदृच्छा त्यांत मिसळणारी होती. ती गेली, आणि ज्या किल्ल्या अगणित प्रकारच्या असावयाच्या, त्या एका जातीच्या यंत्रावर व एका लांबीच्या अशा जेमतेम ३२,७६७ उरल्या. चोरानें एका बैठकींत सगळ्या लावून पाहाव्या! हें २००८ च्या मे महिन्यांत उघडकीस आलें. तोंवर सारें काहीं ‘चालत’ होतेंच, आणि इशाराही कोठें नव्हता.

दुसऱ्या टोकाचीही एक हकीकत आहे. पॅरिस येथें पॅट्रिक कूझो ह्यांच्या मंडळीनें ‘ॲस्ट्रे’ नांवाचा परीक्षक घडविला. ठराविक प्रकारचा एकही दोष निसटूं द्यावयाचा नाहीं, हा त्याचा पण. त्यासाठीं त्यानें आपलें क्षेत्र विमानें वगैरे चालविणाऱ्या, शिस्तीनें लिहिलेल्या सी आज्ञावलींपुरतें आंखून घेतलें. २००३ च्या नोव्हेंबरमध्यें एअरबस ए-३४० विमानाच्या उड्डाण-नियंत्रणाच्या १,३२,००० ओळी वाचून, त्यांत चालतांना उद्भवणारा त्या प्रकारचा एकही दोष नाहीं, असें त्यानें सिद्ध करून दाखविलें. सर्व आज्ञावलींविषयीं जें अशक्य, तें जपून लिहिलेल्या एका आज्ञावलीविषयीं शक्य झालें. वाचणाऱ्यास वाचतां येईल असें लिहिणें, हें लिहिणाऱ्याच्याच हातीं आहे, ही गोष्ट आमच्या मुलांच्या मनांत भरावी असें आम्हांस वाटतें.

आतां शाळा-महाविद्यालयांतील रिवाजाकडे वळूं. प्रात्यक्षिक परीक्षेंत पडद्यावर उत्तर उमटलें कीं पूर्ण गुण, हा प्रघात आम्हांस घातक वाटतो. त्यानें मुलास वयाच्या सोळाव्या वर्षीं अशी संवय लागते कीं, दोष म्हणजे जो आपल्यास दिसतो तो. पुढें हाच मुलगा पुण्यास किंवा परदेशीं एखाद्या कारखान्यांत सी भाषेंत यंत्रें चालविणारी आज्ञावली लिहितो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१९ सालीं सांगितलें कीं, आपण दरवर्षीं सुरक्षेसाठीं ज्या चुका दुरुस्त करतों त्यांतील सुमारें ७० टक्के स्मृतीच्या अशा गैरवापराच्याच असतात. त्या चुका करणारे लोक अडाणी नव्हते.

कोणी म्हणतात, ही भाषाच टाका. ‘रस्ट’सारख्या नव्या भाषा कारकुनाचा हात धरतात. म्हणणें बरेंच खरें आहे. लिनक्सच्या पायांतही २०२२ पासून रस्टला जागा मिळाली आहे. परंतु जुन्या कोट्यवधि ओळी एका रात्रींत नव्या होत नाहींत, आणि त्या कोणी तरी वाचाव्या लागणारच. दुसरे म्हणतात, आतां आज्ञावली कृत्रिम बुद्धीकडूनच लिहवून घेतां येते. येते खरी, आणि ती पहिल्याच फेरींत चालतेही! मग तर ती वाचून घेण्याची गरज दुप्पट झाली, कारण लिहिणारा प्रश्न विचारण्यास समोर नाहीं.

पालकांस एक गोष्ट आवर्जून सांगावयाची, ती खर्चाची. ह्यासाठीं नवीन यंत्र लागत नाहीं, शिकवणीही लागत नाहीं. जीसीसी हा कंपाइलर मोफत आहे, आणि २०२० पासून त्याच्या पोटांतच एक स्थिर परीक्षक बसविलेला आहे; तो मागावा मात्र लागतो. सीपीपीचेकही मोफत आहे. जुन्या यंत्रावर दोन्ही चालतात.

आणि विद्यार्थ्यांनीं करावयाचें तें एवढेंच. प्रयोगवहींत उत्तराच्या पानासमोर एक कोरें पान सोडावें व त्यावर तीन रकाने आंखावे. पहिल्यांत परीक्षकाचा इशारा जसाच्या तसा. दुसऱ्यांत तो खरा कीं खोटा, आणि कशावरून. तिसऱ्यांत आपण काय बदललें. इशारा खोटा ठरला तर तोही खोडूं नये. तो खोटा कां, हें दोन ओळींत लिहावें. आणि एकही इशारा आला नाहीं, तर पहिल्या रकान्यांत ‘इशारा नाहीं’ असें लिहून, बाहेरून येणारी प्रत्येक किंमत आपण कोणत्या ओळींत मोजली त्या ओळीचा क्रमांक दुसऱ्या रकान्यांत द्यावा. वही तपासतांना आम्ही उत्तराच्या आधीं हें पान पाहूं.